सगळे ठिपके दाखवा

28 जानेवारी 1986. फ्लोरिडातून झेपावलेले चॅलेंजर यान 73 सेकंदांत हवेतच फुटले आणि त्यातले सातही जण गेले. आदल्या रात्री दूरध्वनीवर अभियंते आणि व्यवस्थापक वाद घालत होते: एवढ्या थंडीत बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी कड्या टिकतील का? चर्चेत आली ती मात्र कड्यांना इजा झालेली उड्डाणेच. 53 अंश फॅरनहाइटला इजा, 75 लाही इजा. तापमानाचा संबंध काही दिसेना.

पुढे रॉजर्स चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणेही त्याच आलेखावर मांडली आणि चित्र पालटले. 66 अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या 20 उड्डाणांपैकी फक्त तिनांत इजा. 63 किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. वगळलेल्या ठिपक्यांतच उत्तर होते.

असे संबंध, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते हे, ठिपक्यांमधून रेषा काढून मोजणारे गणित म्हणजे रिग्रेशन. त्याचा निकाल बहुधा आकड्यांच्या तक्त्यात छापतात. नुसत्या आकड्यांवर विसंबणे किती फसवे, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी 1973 मध्ये दाखवून दिले. त्यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच रचले. चारही संचांची रेषा एकच, वाय = 3 + 0.5 एक्स, सहसंबंधही सारखाच, सुमारे 0.816. आलेख काढावा तर पहिल्यात सरळ कल, दुसऱ्यात चक्क कमान, तिसऱ्यात एका भरकटलेल्या बिंदूने ओढून नेलेली रेषा. चौथ्यात दहा बिंदू एकाखाली एक उभे आणि सगळा कल उरलेल्या एकट्याच्या जोरावर!

म्हणून रेषेमागे मूळ ठिपके हवेतच, आणि तिच्याभोवती अनिश्चिततेचा फिकट पट्टाही. माहिती दाट तिथे तो अरुंद, विरळ तिथे रुंद. चॅलेंजरच्या उड्डाणासाठी तापमानाचा अंदाज होता 31 अंशांच्या आसपासचा, तर आधीचे सर्वांत थंड उड्डाण 53 चे. मधल्या 22 अंशांत एकही ठिपका नव्हता. तिथे फुगलेला पट्टा पाहून उड्डाणाला होकार देणे अवघड गेले असते.

घटक अनेक असतील, तर प्रत्येकाचा परिणाम ठिपक्याने आणि अनिश्चितता आडव्या रेघेने दाखवतात. रेघ शून्य ओलांडत असेल, तर परिणाम आहेच असे म्हणता येत नाही. तक्त्यात ठळक परिणामांपुढे छापलेल्या तारका मोजत बसण्यापेक्षा सामान्य वाचकाला हे चित्र कितीतरी सोपे.

वृत्तपत्रात नुसतीच चढती रेषा दिसली, तर तिच्यामागचे ठिपके वाचकांनी जरूर मागावेत.