बंद दाराआडचा फळा

अमेरिकेतील विद्यापीठांच्या जीवशास्त्र विभागांत प्राध्यापकपदावर नेमणूक होण्यापूर्वी उमेदवाराला बहुधा दोन व्याख्याने द्यावी लागतात. पैकी पहिले सर्वांस खुले, स्लाइड्सनी सजलेले आणि आजवरच्या संशोधनाचा हिशेब मांडणारे असते, तर दुसरे, ज्याला तिकडे ‘चॉक टॉक’ म्हणतात, ते केवळ विभागातील प्राध्यापकांपुढे, दार लावून, हाती खडू आणि समोर कोरा फळा एवढ्याच सामग्रीवर तासभर चालते. जे अद्याप घडायचे आहे त्याचा जाब येथे द्यायचा असतो. दोन वाक्ये पुरी होण्याआधीच कोणी तरी प्रश्न टाकतो आणि योजलेला क्रम मोडतो. वस्तुतः ही मुलाखतच, व्याख्यान हे तिचे सौजन्याने ठेवलेले नाव.

म्हणून येथे पाठांतर कुचकामी ठरते. जाणता उमेदवार प्रथम फळ्याची वाटणी ठरवतो : डाव्या कोपऱ्यात मध्यवर्ती प्रश्न एका ओळीत लिहायचा व तो अखेरपर्यंत पुसायचा नाही, त्याखाली पुढील पाच वर्षांची दोन-तीन उद्दिष्टे आणि बाकीची जागा आकृत्यांसाठी मोकळी. ही उद्दिष्टे परस्परांस पूरक हवीत, मात्र परस्परांवर विसंबलेली नकोत. एखाद्या प्रथिनाशी जोडले जाणारे दुसरे प्रथिन शोधणे हे पहिले उद्दिष्ट आणि त्याचे कार्य तपासणे हे दुसरे, असे कोणी मांडले, की मागच्या रांगेतून पृच्छा येतेच : ते सापडलेच नाही तर? तेव्हा पर्यायी प्रयोग तिथल्या तिथे रेखाटता आला पाहिजे. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थकडे अनुदानाचा पहिला अर्ज यांपैकी कशावर करणार, हाही प्रश्न ठरलेलाच. कारण विभाग आपल्या खजिन्यातून प्रयोगशाळा उभी करून देतो, ती कायम पोसत नाही.

ज्येष्ठ पदाच्या उमेदवारांना काही विभाग या परीक्षेतून सूट देतात, आणि ती सूट मला अनाठायी वाटते. चालू अनुदानांपैकी काय सोबत येईल, कोणती माणसे येतील, ही चौकशी कार्यालयातही होऊ शकते. परंतु कीर्ती जमलेला माणूस भविष्याविषयी विचारले असता हमखास भूतकाळाचा आश्रय घेतो, हे मात्र फळ्यापुढेच उघडे पडते. यावर उपाय म्हणजे रंगीत तालीम. तिच्यासाठी परक्या विषयातले, मुरवत न ठेवणारे सहकारी जमवावे लागतात, कारण स्वतःच्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी सरांना मध्येच अडवायला सहसा धजत नाहीत.