फटफटीवरील बिनतारी संदेशाचा पल्ला



घटस्थापना जवळ आली कीं तुळजापुरांत ज्योत नेणाऱ्या तरुणांची रीघ लागते. सोलापूर जिल्ह्यांतून, मराठवाड्यांतून, कर्नाटकांतून मंडळें येतात, भवानीच्या देवळांत ज्योत पेटवितात आणि आळीपाळीनें धांवत ती आपापल्या गांवीं नेतात. ज्योत हातीं घेऊन धांवणारा एकच असतो. परंतु त्याच्या मागें-पुढें पाळी बदलणारे गडी, तेलाचा डबा आणि भगवा ध्वज घेतलेल्या चार-सहा फटफट्या चालतात. पुढची फटफटी रस्ता पाहते, सर्वांत मागची फटफटी मागून येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवते. या मागच्या गड्याला "ट्रक येतो आहे, कडेला व्हा" एवढेच शब्द पुढें पोंचवावयाचे असतात. अंधाऱ्या रात्रीं ते शब्द पोंचले नाहींत तर काय ओढवेल, हें सांगावयास नको.

अलीकडे मंडळें या कामासाठीं वॉकी-टॉकी आणतात. भ्रमणध्वनीवर एका वेळीं एकालाच गांठावें लागतें, घंटी वाजून त्यानें तो उचलावा लागतो. बिनतारी संचावर एक कळ दाबली कीं बोललेलें सर्वांना एकदम ऐकूं जातें. संचाच्या खोक्यावर "पल्ला दहा किलोमीटर" असें छापलेलें असतें. प्रत्यक्षांत तुळजापूर सोडून सोलापूरच्या बाजूला घाट उतरूं लागावें आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच मागच्याचा आवाज बंद पडावा, हा अनुभव पुष्कळांचा आहे. मग "जास्त वॉटचा संच आणा" असा सल्ला मिळतो. हा सल्ला खर्चिक आहे, बहुधा बेकायदेशीर आहे, आणि विशेष म्हणजे फारसा उपयोगाचा नाहीं. तो कसा, तें पाहूं.

या संचांच्या लहरी आखूड असतात. ४४६ मेगाहर्ट्झवर लहरीची लांबी सुमारें सदुसष्ट सेंटिमीटर भरते. अशा लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ रेषेंत जातात. डोंगराला वळसा घालणें त्यांच्या स्वभावांत फारसें नाहीं. पृथ्वी गोल असल्यामुळें एरियलची उंची जितकी अधिक तितकें क्षितिज दूर जातें. एरियलची उंची मीटरांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्याला ४.१२ नें गुणावें, म्हणजे क्षितिजाचें अंतर किलोमीटरांत येतें. जमिनीपासून एक मीटरवर, म्हणजे बसलेल्या स्वाराच्या कमरेशीं संच असेल तर चार किलोमीटर; आणि समोरच्या सपाटीपेक्षां दीडशें मीटर उंच अशा घाटमाथ्यावरून पाहिलें तर पन्नास. खोक्यावरचे दहा किलोमीटर कोठून आले तें यावरून ध्यानीं येईल. ते एखाद्या टेकडीवरून मोकळ्या दरींत बोलणाऱ्याचे दहा किलोमीटर आहेत, रस्त्यावरून जाणाऱ्याचे नव्हेत.

सपाटीवर आणखी एक अडचण असते. संचांतून निघालेली लहर एकदां सरळ जाते आणि एकदां जमिनीवर आपटून परावर्तित होऊन जाते. या दोन लहरी पलीकडे पोंचतात तेव्हां एकमेकींना बव्हंशीं मारून टाकतात. परिणाम असा होतो कीं अंतर दुप्पट झालें तर मिळणारी शक्ति चौथाई न उरतां सोळावा हिस्सा उरते. म्हणूनच अर्ध्या वॉटचा संच टाकून पांच वॉटचा घेतला, म्हणजे शक्ति दसपट केली, तरी पल्ला पावणेदोन पटींहून थोडाच अधिक वाढतो. उलट दोन्ही बाजूंचे संच कमरेवरून उचलून दुप्पट उंचीवर नेले तर तेंच काम सोळापट शक्तीसारखें होतें आणि पल्ला दुप्पट होतो. त्याला एक पैसा लागत नाहीं. हा हिशोब मोकळ्या माळावरचा आहे हें मात्र विसरूं नये. मधें खडक आला कीं तो लागू पडत नाहीं.

आतां उंची कशी मिळवावी? ज्योतीच्या फटफटीवर ध्वजाची काठी असतेच. मागें बसणाऱ्याच्या डोक्याच्या पातळीला, त्या काठीला संच उभा बांधावा आणि तारेनें जोडलेला ध्वनिग्राहक त्याच्या खांद्याशीं आणावा. काठी वेळूची असावी. लोखंडी नळी असल्यास संच तिच्यापासून वीतभर दूर ठेवावा, कारण धातु जवळ आला कीं एरियलचा सूर बिघडतो. काठी फार उंच मात्र करूं नये. घाटांतल्या वाऱ्यानें ती फटफटीसच ओढूं लागते. संच कमरेच्या पट्ट्याला लावण्याची आपली संवय सर्वांत वाईट. माणसाचें शरीर म्हणजे बहुतांशीं खारें पाणी. त्याच्या आड बसलेली लहर तेथेंच जिरते. खिशांत आडवा पडलेला संच तर दुहेरी तोट्याचा, कारण बोलणाऱ्याची एरियल उभी आणि ऐकणाऱ्याची आडवी असली तर मोकळ्या जागीं मिळणारी शक्ति शंभराव्या हिश्शापर्यंत खालीं येऊं शकते.

मोटारगाडीला ही विवंचना कमी असते. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील बेयोन शहराच्या पोलिसांनीं १९३३ सालीं गाड्यांमधून दुतर्फा बोलण्याची सोय केली. गाडीला लोखंडी टप असतो आणि चतुर्थांश लहरीची एरियल त्या पत्र्यालाच आपली भूमि मानून काम करते. फटफटीला असा पत्रा कोठें? टाकी अरुंद, आणि पुष्कळ गाड्यांचे चिखलरोधक आतां प्लॅस्टिकचे. ज्यांच्याकडे परवाना असून वेगळी एरियल बसविण्याची मुभा आहे, त्यांनीं भूमीवांचून चालणारी अर्ध्या लहरीची एरियल घ्यावी. ४४६ मेगाहर्ट्झला ती तेहतीस सेंटिमीटरांच्या आसपास भरते. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत लहर अकरा मीटरांची असते. ती टेकाडांना थोडी अधिक वळते खरी, परंतु तिची चतुर्थांश एरियलदेखील पावणेतीन मीटर होते. ती वेटोळें घालून आखूड केली कीं बरीच शक्ति उष्णतेंत जाते. फटफटीला तो पट्टा मला सोयीचा वाटत नाहीं.

कायद्याविषयीं दोन शब्द. आपल्या देशांत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील अल्पशक्तीचे संमत संच परवान्यावांचून वापरतां येतात. २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यांत पांच वॉटपर्यंत मुभा आहे. त्यापलीकडील वॉकी-टॉकींना दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. पुष्कळ दुकानदार तें सांगत नसत, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२५ सालीं अशा विक्रीवर निर्बंध घातले. ज्यांना या विद्येची गोडी लागेल त्यांनीं सरकारी परीक्षा देऊन हौशी बिनतारी चालकाचा परवाना मिळवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांतलीं गांवें जमीनदोस्त झालीं, तेव्हां असेच हौशी चालक निरोप पोंचविण्यास धांवून आले होते.

पल्ला बोलणाऱ्याकडे जितका वाढतो तितकाच ऐकणाऱ्याकडेही वाढतो, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. बिनतारीच्या आरंभकाळीं लहरी ठिणगीपासूनच काढीत. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक इंजिनांत तीच ठिणगी पडते. म्हणजे आपली फटफटी हें स्वतःच एक खरखर पसरविणारें केंद्र आहे. प्लग रोधक असलेला, म्हणजे क्रमांकांत बहुधा 'आर' अक्षर असलेला घातला तर ही खरखर पुष्कळ कमी होते. दुसरी गोष्ट 'स्क्वेल्च' नांवाच्या कळीची. खरखर ऐकूं येऊं नये म्हणून ती घट्ट करून ठेवितात. मग दुरून येणारा क्षीण आवाजही तिच्यामागें अडकतो. ती इतकी सैल करावी कीं खरखर अगदीं थांबण्याच्या बेतांत असावी. आणि वारा! ध्वनिग्राहक शिरस्त्राणाच्या आंत, ओठांशीं, स्पंजाची टोपी घालून ठेवावा. पुष्कळदां शब्द पोंचलेले असतात, परंतु ते वाऱ्यांत बुडालेले असतात, आणि बिचाऱ्या संचाला दोष मिळतो.

शिरस्त्राणांत बसविण्याचीं ब्लूटूथचीं यंत्रेंही आतां मिळतात. त्यांची लहर साडेबारा सेंटिमीटरांची, शक्ति अगदीं थोडी. त्यांतल्या 'मेश' जातीच्या यंत्रांत प्रत्येक स्वाराचें यंत्र शेजाऱ्याचा शब्द पुढें ढकलतें, म्हणून जथा जवळ जवळ असेल तर तीं फार सुखाचीं. ज्योतीच्या जथ्यांत मात्र मधें मोठी खिंडारें पडतात, आणि एक कडी तुटली कीं सांखळी संपली.

हीच सांखळीची युक्ति घाटांत माणसाकरवीं साधावी. एक विश्वासू गडी संच घेऊन घाटमाथ्यावर अशा जागीं उभा करावा कीं त्याला खालची वळणें आणि सपाटी दोन्ही दिसतील. वळणाआडच्या दोन फटफट्यांना एकमेकींचें ऐकूं येत नाहीं, पण दोघींनाही तो ऐकतो. त्यानें प्रत्येक निरोप जसाच्या तसा पुन्हां उच्चारावा, आणि घेणाऱ्यानें "पोंचलें" म्हणावें. सर्वांत मागची फटफटी घाट उतरून सपाटीला लागल्याची खातरी झाल्यावरच त्यानें जागा सोडावी. पुढें तामलवाडीकडे रस्ता मोकळा असला तरी मागच्यानें दर पांच मिनिटांनीं एकदां आपलें नांव सांगावें. दोन वेळां तें ऐकूं आलें नाहीं तर ज्योत रस्त्याच्या कडेला घेऊन सर्वांनीं थांबावें आणि एक फटफटी मागें पाठवावी.