डब्ल्यूएफएमयू

डब्ल्यूएफएमयू हे अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथून ९१.१ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर प्रसारण करणारे बिगर-व्यावसायिक नभोवाणी केंद्र आहे. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे हे केंद्र 'फ्रीफॉर्म' म्हणजेच मुक्त शैलीच्या प्रसारणासाठी ओळखले जाते. या शैलीत वाजवायच्या गीतांची यादी वरून ठरवून दिली जात नाही. ती निवड सर्वस्वी निवेदकाची असते. विविध भारतीच्या फर्माईशी कार्यक्रमांत पसंती श्रोत्यांची असते. येथे नेमके उलट.

पार्श्वभूमी

वर्गणीदार श्रोत्यांच्या बळावर चालणाऱ्या नभोवाणीची वाट ल्यूइस हिल यांनी १९४९ मध्ये बर्कली येथे सुरू केलेल्या केपीएफए केंद्राने घालून दिली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय केंद्रावर १९६३ पासून बॉब फास 'रेडिओ अननेमेबल' या रात्रीच्या कार्यक्रमात गाणी, गप्पा आणि श्रोत्यांचे दूरध्वनी यांची सरमिसळ करीत. पुढे मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांनी एएम केंद्राचेच कार्यक्रम दिवसभर पुन्हा ऐकवू नयेत, असा सरकारी नियम १९६७ मध्ये अमलात आला. मोकळे झालेले तास भरण्यासाठी नव्या प्रयोगांना वाव मिळाला. स्वच्छंद शैलीच्या वाढीस एका रुक्ष नियमाचा हातभार लागावा, हे गमतीचेच.

इतिहास

डब्ल्यूएफएमयूची सुरुवात १९५८ मध्ये ईस्ट ऑरेंज येथील अप्साला महाविद्यालयाचे केंद्र म्हणून झाली. १९६८ पासून तेथे मुक्त शैली रुजली. महाविद्यालय आर्थिक अडचणीत असताना केंद्रातील मंडळींनी ऑरिकल कम्युनिकेशन्स ही ना-नफा संस्था स्थापली आणि १९९४ मध्ये प्रसारणाचा परवाना विकत घेतला. पुढच्याच वर्षी महाविद्यालय बंद पडले. परवाना त्याच्याच नावावर राहिला असता, तर केंद्राचा निभाव लागणे कठीण होते. १९९८ मध्ये केंद्र जर्सी सिटीत आले.

कार्यपद्धती

बहुतेक निवेदक विनावेतन काम करतात. जाहिराती व कंपन्यांचे प्रायोजकत्व केंद्र घेत नाही. दरवर्षी 'मॅरेथॉन' नावाच्या निधिसंकलन मोहिमेतून खर्चाची तजवीज होते. निवेदकागणिक दर्जा बदलतो आणि एखादा तास निव्वळ गोंगाटाचा वाटतो, ही या शैलीची उणीव खरी. परंतु संगणकाने सुचवलेली गाणी श्रोत्याच्या जुन्या आवडीभोवतीच फिरतात. निवेदक मात्र श्रोत्याने कधी मागितलेही नसते असे काही समोर ठेवतो. महाजालावरून प्रसारण होत असल्याने केंद्राचा श्रोतृवर्ग आता अमेरिकेबाहेरही आहे. २००९ मध्ये केंद्राने 'फ्री म्युझिक आर्काइव्ह' हा विनामूल्य संगीताचा संग्रह सुरू केला.