शिकारीचा पहिला धडा

पुणे-बंगळूर हायवेवरून जाणारा माणूस आमच्या कोगनोळीला टोलनाक्यामुळे ओळखतो. पण गाडीवाट धरून दूधगंगेच्या काठच्या शिवारात आलात, तर रात्री वेगळंच चित्र दिसेल. बॅटऱ्यांचे झोत, डबे बडवल्याचा आवाज आणि मधूनच कुणाची तरी आरोळी. कारण एकच, रानडुक्कर!

नोकरी सोडून मी शेतीत उतरलो, त्या वर्षी दोन एकर भुईमूग केला होता. शेंगा भरल्या आणि एका रात्रीत पाऊण एकर नांगरल्यासारखा उकरून पडला. माझं डोकंच फिरलं. थोरले चुलते तात्या तरुणपणी हाक्याला जायचे. भाले, वाघर आणि गावठी कुत्री घेऊन सगळी आळी निघायची म्हणे. शेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराजही नामांकित शिकारी होते. हे ऐकतच आम्ही वाढलो. म्हटलं, आपणही शिकू.

"तात्या, मला डुकराची शिकार शिकवा."

"आधी माग काढाय शीक. पहाटं ये," एवढंच ते म्हणाले.

पहाटे बांधावर त्यांनी मला उकिडवं बसवलं. ओल्या मातीत दोन खुरांचा ठसा आणि त्यामागे दोन बारीक खुणा. भोवती लहान ठसे, म्हणजे मादी पिल्लं घेऊन आलेली. ओढ्यात लोळल्याची जागा, बाभळीच्या बुंध्याला घासलेला चिखल. चिखल जितका उंच, तितकं जनावर मोठं. डुकराची नजर अधू, पण नाक तिखट. म्हणून वारं कुठून वाहतं ते आधी बघायचं. माग शेवटी उसात शिरला. तात्या म्हणाले, "जंगल लांब ऱ्हायलं. ह्येंचं घर आता ह्यो फड. सावली, पानी, खानं, समदं हितंच."

कुंपणाच्या खिंडारापाशी ते थांबले. डुकरांच्या खुरांतच लहान चपलेचा ठसा उमटला होता.

"ह्यो कुनाचा?"

ठसा माझ्याच पोराचा होता. रात्रपाळीच्या विजेवर मी पाणी पाजत होतो, तेव्हा पोरगा त्याच वाटेनं चहा घेऊन आला होता. आणि त्याच खिंडारात मोटारीचा करंट सोडायचा, म्हणून मी तारेचं भेंडोळं आणून ठेवलं होतं. कुणीतरी तसा सल्ला दिला होता. माझे पाय लटपटले. तात्या काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

वाचकहो, अशा तारांनी माणसं मेली आहेत. पिठात लपवलेल्या गावठी बॉम्बनं गाई-म्हशींचे जबडे फाटले आहेत. ही शिकार नव्हे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं डुकराला संरक्षण आहे. १ एप्रिल २०२३ पासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. विनापरवाना मारलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची परवानगी वनखात्याचा अधिकारी लेखी देऊ शकतो. पण त्यानंतरही मेलेलं जनावर सरकारचंच असतं, मटणाचा वाटा पडत नाही.

आमची आणखी एक अडचण आहे. डुक्कर नदी ओलांडून कागल तालुक्यात जातं, परत येतं. त्याला सीमा नाही, पण अर्जाला आहे. जमीन कोगनोळीची असेल, तर कर्नाटकच्या वनखात्याकडे जायचं आणि पलीकडची असेल, तर महाराष्ट्राच्या. नुकसान दिसलं, की त्याच दिवशी फोटो काढा, उतारा जोडून अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत रान तसंच ठेवा.

मी पुढं काय केलं? खिंडार बुजवलं. ऊस आणि भुईमूग यांच्यामध्ये मोकळा पट्टा ठेवला. शेजाऱ्यांशी पाळ्या ठरवून माळ्यावर जागलो. बॅटरीवरचं झटका मशीन बसवलं. त्यात थांबून थांबून झटका बसतो, जीव जात नाही. तरी दुसऱ्या वर्षी चार सऱ्या गेल्याच. पण बाकीच्या शेंगा घरी आल्या.

तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत. भाला आढ्याला अडकवलेला आहे. परवा पोरगा त्यांना म्हणाला, "आजोबा, मला शिकार शिकवा की." तात्यांनी काठी घेतली आणि त्याला बांधावर नेलं, माग दाखवायला.