बगळ्याने मासा गिळला, पुढे?

कुंडलिकेच्या काठी बगळा,
मासा त्याने गिळला …

शेवटचा शब्द मी मुद्दाम गाळलाय. तो तुम्ही मनात म्हणून मोकळेही झालात ना? पण या ओळी मी याच लेखासाठी जुळवल्यात, तुम्ही त्या आधी ऐकलेल्या असणं शक्यच नाही. मग 'सगळा' सापडला कुठून?

आता खरी गंमत. कुंडलिका नदीकाठच्या रोह्यातलं तीन वर्षांचं पोरही अंथरुणात लोळत तो शब्द अगदी असाच सांगेल. ज्याला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, ते कवीच्या मनातला शब्द आधीच ओळखतं!

कसं? जरा टाळ्या वाजवून बघा. कुंडलि, केच्या, काठी, बगळा. चार टाळ्या आणि प्रत्येक टाळीला चार मात्रा. खालची ओळ घ्या: मासा, त्याने, गिळला… तीन टाळ्या झाल्या, चौथी हवेतच राहिली. तिथे चार मात्रांचाच शब्द बसणार. तो 'बगळा'शी जुळायला हवा, शिवाय बगळ्याच्या जेवणालाही शोभायला हवा. इतक्या अटी घातल्यावर भाषेत असे शब्द उरतात तरी किती? पोराला लघु-गुरू ठाऊक नाहीत, पण त्याच्या कानाने हिशेब केव्हाच केलेला असतो.

बरं, हा चार टाळ्यांचा साचा एकट्या मराठीचा नाही. रॉबिन्स बर्लिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये इंग्रजी, पेकिंगची चिनी आणि सुमात्रा बेटावरची बेंकुलू अशा भाषांतली बालगीतं शेजारी शेजारी ठेवली. एकमेकींशी काडीचं नातं नसलेल्या या भाषांत त्याला काय दिसावं? चार ठोक्यांची ओळ आणि अशा चार ओळींचं कडवं!

हा कान तयार कधी होतो? जन्माच्या आधीच! १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे एकच मजकूर दिवसातून दोनदा मोठ्याने वाचायचा. त्यासाठी निवडलेल्या मजकुरांत डॉ. स्यूस यांचं यमकांनी खच्चून भरलेलं 'द कॅट इन द हॅट'ही होतं. मग जन्मलेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की ऐकू येणारी गोष्ट बदलायची. बाळांनी लय अशी बदलली, की पोटात असताना ऐकलेलीच गोष्ट पुन्हा ऐकू यावी. वाचणारा आवाज दुसऱ्याच बाईचा असला तरीही! पोटात शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, पण चाल आणि चढउतार आत पोचतात.

कान इतका तयार असेल, तर मुलांच्या पुस्तकात चित्र कशाला हवं? कारण वाचणाऱ्या आईचे डोळे अक्षरांवर असतात आणि पोराचे चित्रावर. बगळ्याच्या चोचीतून शेपटी बाहेर लोंबतेय, म्हणजे मासा अजून 'सगळा' गेलेलाच नाही, हे आधी दिसतं ते पोराला. ओळ एक सांगते, चित्र दुसरंच. ती चोरी पकडल्याचा आनंद काय वर्णावा! १९४७ सालच्या 'गुडनाइट मून' या इंग्रजी चित्रपुस्तकात तर चित्रकार क्लेमंट हर्ड पानागणिक खोली हळूहळू काळोखी करत नेतो. चित्रातलं घड्याळ सातवरून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत सरकतं. मजकुरात या घड्याळाच्या वेळेचा उल्लेखही नाही.

आपल्याकडे ज्ञानपीठ मिळवणाऱ्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी 'राणीची बाग' लिहिली, माधुरी पुरंदरे मुलांसाठी स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. माझ्या मते हे मोठ्यांसाठी लिहिण्याहून अवघड काम आहे. कंटाळलेला मोठा माणूस पुस्तक गुपचूप मिटतो. पोर सरळ उठून जातं.

राहिला तो रोज रात्रीचा छळ: 'पुन्हा तेच वाच!' हा हट्ट पोराच्या फायद्याचा निघालाय. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना त्याच त्या गोष्टी पुन्हा, काहींना दरवेळी वेगळ्या. नवे शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. तरी २०११ मध्ये निकाल आला तो असा, की तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांना शब्द जास्त आले. २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. गोष्ट ऐकून दुपारची झोप काढलेल्या मुलांना जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त शब्द आठवले. आठवडा उलटल्यावर विचारलं तरी तेच! पोर घोरत असताना डोकं शब्दांची बांधाबांध करत असतं.

तेव्हा तेच फाटकं पुस्तक आज रात्री परत पुढ्यात आलं, तर पानं गाळून आटपू नका. पोराला लगेच कळतं. सगळं वाचा, फक्त ओळीचा शेवटचा शब्द त्याला म्हणू द्या.