वृक्षातळीची कोरडी सावली

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली भारत व सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला, आणि १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासमवेत सेक्टरांत विभागलेले नगरही वसले. अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. घरापुढे आंबा वा कडुनिंब लावावा आणि त्याच्या पुढ्यात हरळीची हिरवळ राखावी, ही अशा नगरातील साधी हौस. परंतु झाड आणि हिरवळ यांचे सख्य फार काळ टिकत नाही. झाड विस्तारले की हरळी विरळ होते, जमीन उघडी पडते, आणि मग हिरवळीसाठी फांद्यांवर, प्रसंगी खोडावरही, कुऱ्हाड चालविण्याचा विचार मनात येऊ लागतो.

वस्तुतः दोष झाडाचा नाही, निवडीचा आहे. हरळी ही उन्हाची लेक. दिवसाचे पाच-सहा तास तरी तिला थेट ऊन हवे. वृक्षाखाली ते मिळत नाही; शिवाय तेथे पाणीही कमी पडते. हलक्या सरींचे पाणी पानांवरच अडून सुकते, आणि जे जमिनीत मुरते ते वृक्षाची मुळे शोषून घेतात, कारण त्यांतील बहुतेक बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांच्या थरातच पसरलेली असतात. छत्तीसगडात ‘भाटा’ म्हणून ओळखली जाणारी लाल, मुरमाड जमीन असेल, तर ओल आणखी लवकर ओसरते. ‘कन्हार’ ही काळी जमीन ती अधिक काळ धरून ठेवते.

म्हणून निवडीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. ऊन किती तास येते, हे हिवाळ्यात व उन्हाळ्यात निरनिराळे मोजावे. चांगला पाऊस पडून गेल्यावर खुरप्याने वीतभर माती उकरावी; आत कोरडी धूळ निघाली, तर ती जागा खरोखर कोरड्या सावलीची समजावी. पश्चिम किनाऱ्याच्या दमट सावलीत पसरणारे रुंद पानांचे कार्पेट गवत येथे नित्य पाण्यावाचून तग धरत नाही. मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर चढतो, तेव्हा ते करपते.

सावलीच्या कडेला, जेथे सकाळचे ऊन येते, तेथे गवती चहाचे ठोंब शोभतात. त्यांची वाकलेली पाती कारंज्यासारखी दिसतात. कुंपणालगत उंच आडोसा हवा असेल, तर गिनी गवत अर्धी सावली सोसते. मात्र बी धरण्यापूर्वी ते कापावे, नाहीतर बागभर पसरते.

दाट सावलीत खऱ्या गवताचा हट्ट सोडून गवतासारख्या वनस्पतींकडे वळावे. शतावरीच्या कुळातील मोंडो गवत सावकाश पसरते, पण एकदा रुजले की थोड्या पाण्यावर गर्द हिरवे राहते. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचे क्लोरोफायटम अंधाऱ्या कोपऱ्याला उजाळा देते. त्याची जाड मुळे पाणी साठवितात. छत्तीसगडच्या सालवनांत आढळणारी काळी मुसळीही लावता येईल. पावसाबरोबर तिची लांबट पाने व जमिनीलगतची पिवळी फुले येतात. उन्हाळ्यात ती कंदरूपाने भूमीत विसावते. औषधासाठी होणाऱ्या खोदाईने ती वनांतून कमी होत असल्याने रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

लागवड जुलैच्या आरंभी करावी, म्हणजे पावसाचे तीन महिने मुळे धरण्यास मिळतात. मुळांमधल्या मोकळ्या जागी लहान खळगे घ्यावेत. अंगठ्याएवढे जाड मूळ तोडू नये. सपाटीसाठी खोडाभोवती मातीचा भर घालू नये. त्याने मुळांची हवा कोंडते आणि वृक्ष हळूहळू वाळतो. गळलेला पाला जाळण्याऐवजी तोच दोन बोटे जाडीने पसरावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा सावकाश, खोलवर पाणी द्यावे. पुढे ते कमी करीत न्यावे.

गवताचा वाफा दोन पावसाळ्यांत भरतो. आंब्याची सावली घडण्यास मात्र निम्मे आयुष्य खर्ची पडते. दोहोंत विरोध आलाच, तर बदलायचे कोणास, याचे उत्तर या हिशेबातच आहे.