दप्तरात राहिलेलं पत्र

शाळेनं पालकांसाठी दिलेली चिठ्ठी घरी पोचतेच असं नाही, हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. सहलीच्या संमतिपत्रावर सही हवी असते आणि ते पत्र आठ दिवसांनी डब्याच्या पिशवीत चुरगळलेलं सापडतं. मी अर्धवेळ शिक्षिका आहे. म्हणजे चिठ्ठ्या वाटणारी मी आणि घरी येऊन चुरगळलेल्या चिठ्ठ्या उलगडणारीही मीच! म्हणूनच लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या काही पत्रांची हकिगत माझ्या मनातून जात नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या एका शाळेतली पंधरा वर्षांची मुलगी घर सोडून सीरियात, ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेच्या मुलखात निघून गेली. पोलिसांनी तिच्या मैत्रिणींकडे चौकशी केली. रीतसर जबाब घ्यायचे तर आईवडिलांची परवानगी हवी, म्हणून पत्रं तयार केली. आणि ती दिली कुणाच्या हातात? त्या मुलींच्याच! मुलींनी अर्थातच ती लपवली. १७ फेब्रुवारी २०१५ ला, शाळेला सुट्टी असताना, त्यांतल्या तिघीजणी विमानानं इस्तंबूलला गेल्या आणि तिथून सरहद्द ओलांडून सीरियात. दोघी पंधरा वर्षांच्या, एक सोळा. घरात मागं एक यादी सापडली: काय काय घ्यायचं, कशाला किती पैसे पडतील. सहलीला निघताना आपल्या मुली करतात तशीच. लपवलेली पत्रंही मग मिळाली. पोलिसप्रमुखांनी त्याबद्दल आईवडिलांची क्षमा मागितली, पण त्याचा आता काय उपयोग?

तिघीही अभ्यासात हुशार होत्या. ज्या संघटनेनं याझिदी बायकांना बाजार मांडून विकलं, तिच्याकडे या मुली आपण होऊन गेल्या. त्यांतली एक हवाई हल्ल्यात गेल्याचं २०१६ मध्ये घरच्यांना समजलं. दुसरी, शमीमा बेगम, २०१९ साली सीरियातल्या एका छावणीत पत्रकाराला भेटली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. आधीची दोन मुलं गेली होती, तिसरंही काही आठवड्यांत गेलं. ब्रिटननं तिचं नागरिकत्व काढून घेतलं. त्या पहिल्या मुलाखतीत तिच्या बोलण्यात पश्चात्ताप दिसला नाही, म्हणून पुष्कळांना संताप आला. मलाही राग येतो. आणि डायरीतल्या त्या यादीची आठवण झाली की पोटात कालवतंही. दोन्ही एकदम वाटतं, त्याला काय करणार!

याच्या दहा वर्षं आधी, ७ जुलै २००५ ला, लंडनच्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये चार तरुणांनी पाठीवरच्या पिशव्यांतले बॉम्ब उडवले. ५२ निरपराध माणसं गेली. बस फुटली ती टॅव्हिस्टॉक चौकात. तिथल्या बागेत आपल्या गांधीजींचा बसलेला पुतळा आहे. त्याच रात्री १० वाजून १९ मिनिटांनी लीड्स शहरातल्या एका कुटुंबाचा पोलिसांना फोन आला. आमचा अठरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर लंडनला गेला तो अजून परतला नाही. घरच्यांना काळजी, की हा बिचारा स्फोटात तर सापडला नसेल? बस उडवणारा तोच होता. त्याच्या सोबत्यांपैकी एकजण आदल्या संध्याकाळी क्रिकेट खेळत होता. त्यांचा म्होरक्या तीस वर्षांचा, एका तान्ह्या मुलीचा बाप. काही महिन्यांपूर्वीपर्यंत प्राथमिक शाळेत अडखळणाऱ्या मुलांना हाताशी धरून शिकवत होता. चौघांची नावं मी मुद्दामच लिहीत नाही. त्यांना ती हवीच होती.

पाश्चात्त्य देशांना तोवर वाटत होतं, हे संकट बाहेरून येतं. २००१ साली न्यूयॉर्कवर विमानं घालणारे परदेशातून आले होते. लंडनच्या चौघांतले तिघे मात्र ब्रिटनमध्येच जन्मलेले. पुढे सीरियातलं युद्ध पेटलं आणि युरोपातली मुलं तिकडे जाऊ लागली. मग ती वाट बंद होत गेली, तसा तिकडून येणारा निरोपही बदलला: यायची गरज नाही, आहात तिथेच, मिळेल त्या हत्यारानं करा. चाकू चालेल, मोटार चालेल. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात सणाच्या गर्दीत ट्रक घालून ८६ माणसं मारली, ती अशीच. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्नात टेलर स्विफ्टच्या गाण्याचे तिन्ही कार्यक्रम रद्द करावे लागले. संशयित अवघा एकोणीस वर्षांचा. गाणं ऐकायला आलेल्या पोरी मग रस्त्यातच जमून गात होत्या, मण्यांची कांकणं एकमेकींना देत होत्या. त्यांच्यात आपल्या ओळखीची एखादी असती तरी नवल नव्हतं. आता भडकवणाऱ्याला घरी यावं लागत नाही, की मुलाला कुठे गुप्त बैठकीला जावं लागत नाही. दार लावून, पांघरुणात, फोनवर सगळं होतं.

मग आईला काहीच दिसत नाही का? दिसतं, पण त्याचा अर्थ लागत नाही. कॅनडाच्या कॅलगरी शहरातल्या क्रिस्टियान बूड्रो यांनी आपल्या मुलाची, डेमियनची कथा उघडपणे सांगितली आहे. किशोरवयात तो इतका खचला होता की त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यानंतर त्यानं इस्लाम स्वीकारला. तो शांत झाला, म्हणून आईला बरंच वाटलं. (कुणाला वाटणार नाही?) पुढे तो घरच्यांबरोबर जेवायला बसेना. फोन आला की उठून बाहेर जाई. नोव्हेंबर २०१२ मध्ये, अरबी शिकायला इजिप्तला जातो, असं सांगून निघाला. काही आठवड्यांनी गुप्तहेर खात्याची माणसं बूड्रोबाईंच्या दारात आली, तेव्हा त्यांना कळलं की मुलावर खात्याची पाळत आधीपासूनच होती! जानेवारी २०१४ मध्ये तो सीरियात मारला गेला.

म्हणजे बेथनल ग्रीनच्या पत्रांसारखंच झालं. सरकारला माहीत, आईला नाही. आणि उलट आईला जे दिसतं ते सरकारला सांगायचं तिच्या जिवावर येतं, कारण पोलिसांत जायचं म्हणजे आपल्याच पोराला धरून देणं. ही अडचण ओळखून जर्मनीनं २०१२ मध्ये आणि फ्रान्सनं २०१४ मध्ये घरच्यांसाठी खास टेलिफोनची सोय केली. बर्लिनमधले समुपदेशक आईला सांगतात, धर्मावरून वाद घालू नका, ‘हे घर की ते’ असा हट्ट धरू नका. काही झालं तरी त्याचं घरी बोलणं चालू राहिलं पाहिजे. दाढी किंवा नमाज ही खूण नव्हे. जुने मित्र एकदम टाकणं, आवडतं गाणंबजावणं पाप ठरवणं, सगळ्या जगाची ‘आपण’ आणि ‘ते’ अशी वाटणी करणं, हे बघा म्हणतात. ब्रिटनमध्ये २०१५ पासून शिक्षकांवर अशा मुलांकडे लक्ष ठेवण्याची कायद्यानं जबाबदारी आहे. पण वर्गातल्या साध्या मुसलमान मुलालाही मग वाटतं, बाई आपल्याकडे संशयानं बघतात. ही तक्रार खोटी नाही. मी त्या बाईंच्या जागी असते तर मला ते नीट जमलं असतं, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. आणि हे सगळं तिकडे दूर चाललंय असंही नाही. मे २०१४ मध्ये आपल्या कल्याणहून चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून नाहीसे झाले, तेव्हाही घरचे हतबुद्धच झाले होते.

या हिंसेचे घाव मुसलमान घरांवरही पडतात. लतिफा इब्न झियातेन या मोरोक्कोतून फ्रान्समध्ये आलेल्या. त्यांचा मुलगा इमाद फ्रान्सच्या सैन्यात होता. मोटरसायकल विकायची म्हणून त्यानं जाहिरात दिली होती. ११ मार्च २०१२ ला तुलूझ शहरात गिऱ्हाईक बनून आलेल्या अतिरेक्यानं त्याला गोळी घातली. त्याच अतिरेक्यानं पुढच्या काही दिवसांत आणखी दोन सैनिक, ज्यू शाळेतले एक शिक्षक आणि तीन लहान मुलं मारली. लतिफाबाई नंतर मारेकऱ्याच्या वस्तीत गेल्या. रस्त्यात बसलेल्या पोरांना त्याचं घर विचारलं, तर पोरं म्हणाली, तो तर हुतात्मा! तेव्हा त्यांनी सांगितलं, त्यानं मारलेल्या सैनिकाची मी आई. पोरं वरमली, त्यांनी माफी मागितली. लतिफाबाई मग त्यांच्याशीच बोलत राहिल्या. मुलाच्या नावानं संस्था काढून त्या शाळांमधून आणि तुरुंगांमधून अशा मुलांना भेटू लागल्या. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला संसदेच्या इमारतीतल्या एका सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या, तर श्रोत्यांतल्या दोघांनी त्यांच्या डोक्यावरच्या रुमालावरून हुर्यो केली. त्यांनी रुमाल काढला नाही, आणि त्यांच्या शाळांमधल्या फेऱ्याही थांबल्या नाहीत.